दुपारचे ठोके

दुधाच्या टेंपोतून ती एकटीच उतरली. टेंपोवाल्यानं कॅनांच्या मधून तिचं गाठोडं काढून दवाखान्याच्या फाटकाशी ठेवलं आणि तो निघून गेला. मी खिडकीतून पाहत होते. ती चार पावलं चालली, फाटकाचा गज धरून थांबली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मी सवयीनं मनात मोजलं. चाळीस सेकंद. कळ चांगली होती.

मी बाहेर जाऊन तिचं गाठोडं उचललं. "सोबत कोण आहे?"

"कोन न्हाई."

"सासू? शेजारीण?"

"सासूला दिसत न्हाई. वस्तीवरची समदी मेंढरांमागं गेल्यात." मग जरा थांबून, जशी काही माझीच समजूत घालायची असावी तशी ती म्हणाली, "मी हाय की."

एप्रिल महिना होता. माणदेशातल्या त्या ग्रामीण रुग्णालयात मला चार वर्षं झाली होती. मी एकोणतीस वर्षांची. रूथ साळवे हे नाव फक्त हजेरीपटावर, एरवी सगळे साळवे सिस्टर म्हणत. शिक्षण एका मिशन दवाखान्यात झालेलं. लग्न झालं नव्हतं, आई आदल्या वर्षी गेली होती. दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तिथं संध्याकाळी माझ्याशी बोलायला एक रेडिओ होता. त्यामुळे ड्यूटी संपली तरी मी वॉर्डात रेंगाळायचे, आणि लोक म्हणायचे, साळवे सिस्टर कामाला फार वाघ आहेत.

त्या दिवशी आमचे डॉक्टर पाटणे जिल्ह्याला मीटिंगला गेले होते. दुसऱ्या डॉक्टरांची जागा दीड वर्ष रिकामीच होती. बाळंतपणाच्या खोलीत मी आणि आया गोदामावशी, दोघीच.

तिचं नाव बनाबाई कोळेकर. वय बावीस. लग्नाला पाच वर्षं झालेली, हे पहिलंच. नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरला होता, तो आता आषाढातच परतायचा. दरसाल तीही बरोबर जायची. या खेपेला पोटुशी म्हणून मागं राहिली, आंधळ्या सासूपाशी.

मी तिला टेबलावर घेतलं. डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी होतं. नाडी शंभर. अंग किंचित कोमट, पण उन्हातून आली होती. दिवस पूर्ण भरलेले. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं.

"बाळ हलतंय ना नीट?" हा प्रश्न आम्ही प्रत्येकीला विचारतो, नाव-गाव विचारावं तसा.

ती छताकडे पाहत होती. "परवापासनं गप हाय जरा."

"कळा सुरू व्हायच्या आधी बाळं होतात गप्प. जोर साठवून ठेवतात." हेही आम्ही प्रत्येकीला सांगायचो.

मग मी मशीन ओढून जवळ घेतलं.

ते मशीन फेब्रुवारीत आलं होतं. डॉक्टर पाटण्यांनी त्यासाठी दोन वर्षं अर्ज केले होते, आणि ते आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला स्वतः पेढे वाटले होते. तालुक्यात असं मशीन दुसरं नव्हतं. पोटावर पट्ट्यानं एक चकती बांधायची की बाळाच्या काळजाचे ठोके खोलीभर ऐकू येत, लाल आकड्यात दिसत आणि कागदाच्या पट्टीवर त्यांची रेघ उमटत जाई. गोदामावशीनं त्याला उशीच्या अभ्र्याचं झाकण शिवलं होतं.

रीत अशी, की आधी पोटावर नळी लावून, कानानं ठोके शोधायचे. नळी म्हणजे ॲल्युमिनियमची, कर्ण्यासारखी, वीतभर. ठोके सापडले की त्या जागी चकती बांधायची. त्या दिवशी मी नळी लावली नाही. चकती टेकवल्याबरोबर मशीननं आवाज पकडला. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा, पण भराभर. आकडा आला एकशे चोवीस. छान आकडा. मी पट्टा आवळला.

बनाबाईनं मान उचलली. "हे काय वाजतंय?"

"तुझ्या बाळाचं काळीज."

"येवढं मोट्यांदा?"

"मशीन मोठा करून ऐकवतं."

तिनं डोकं परत उशीवर टेकलं. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. नंतर पहिल्यांदाच हसली. "बापाच्या वळणावर गेलंय. त्यो बी असाच. बोलला तर पार डोंगराच्या पल्याड ऐकू जातं."

दर अर्ध्या तासाला मी तक्त्यावर नोंद करत होते. साडेदहा, एकशे चोवीस. अकरा, एकशे सव्वीस. साडेअकरा, एकशे सव्वीस. कळा वाढत होत्या, पण बाई ओरडणारी नव्हती. कळ आली की ती टेबलाची कड धरायची आणि नजर मशीनवर लावायची. कळ गेली की बोलायची, आणि किती बोलायची! सहा महिन्यांचं साठलं होतं तिच्यात.

"सासू हाय, पर ती देवासंगट बोलती. मानसांसंगट न्हाई. सकाळी शेरडं सोडली की मी, आन् पार दिवस मावळंस्तवर मी. येकदा तर काय झालं बाई, येक सायकलवाला आला वस्तीवर, पानी मागाय. मी तांब्या दिला. आन् बोलाय गेले तर घशातनं आवाजच निघंना. दोन रोज कुनासंगट बोललेच नव्हते न्हवं!"

ती हसली म्हणून मीही हसले.

"तुमचं समदं हितंच?"

"मी एकटीच असते."

"अगं बया," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा काही काळजीनं पाहिलं की टेबलावर कोण आहे आणि बाजूला कोण, याचा मला क्षणभर विसर पडला. "मग जेवान एकल्यापुरतं कसं जमतं वं? मला तर अजून जमंना. रोज येक भाकरी जादाच हुती."

मला स्टुलावर बसायची गरज नव्हती. औषधांची यादी करायची होती, कपाट लावायचं होतं. पण मी बसून राहिले. बाहेर ऊन असं की आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या खोलीत मात्र पंखा फिरत होता, ती बोलत होती आणि तो आवाज चालू होता. सोबत म्हणतात ती अशीच असावी.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. मशीनचा आकडा विझला आणि आवाज मधेच तुटला. बनाबाई दचकली. "काय झालं?"

"लाइट गेली. या वेळेला रोज जाते. तासाभरात येईल."

"त्याला काय झालं न्हाई न्हवं?"

"बाळाला कशाला लाइट लागते? थांब, मी नळीनं ऐकते."

मी नळी तिच्या पोटावर टेकवली, कान लावला आणि डोळे मिटले.

डाव्या अंगाला ऐकलं. आईच्या रक्ताची सूं-सूं ऐकू आली, बाकी काही नाही. बाळाची पाठ कदाचित उजवीकडे असेल, म्हणून उजवीकडे गेले. मग बेंबीखाली. मग पुन्हा डावीकडे, चकती होती बरोबर त्याच जागी. श्वास रोखून ऐकलं. नळी बदलून दुसरी आणली.

आमच्या मेट्रन आम्हाला शिकवताना म्हणायच्या, एक कान बाळाकडे, दोन बोटं आईच्या मनगटावर. दोघांचे ठोके वेगळे आहेत याची खात्री झाल्याशिवाय मान वर करायची नाही. शिकून बाहेर पडल्यापासूनच्या सहा वर्षांत मी हे विसरले नव्हते. मशीन आल्यापासून सोडून दिलं होतं, इतकंच.

मी तिचं मनगट धरलं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. एकशे अठ्ठावीस.

मशीनमधून लोंबणारी कागदाची पट्टी पाहिली. लाइट जाण्याआधीचा शेवटचा आकडा, एकशे अठ्ठावीस.

"वाजतंय का?" तिनं विचारलं.

"बाहेर आवाज फार आहे," मी म्हटलं. "नीट ऐकू येत नाही."

मी तिला पाणी पाजलं. "आलेच," म्हणून बाहेर आले. ऑफिसात जाऊन जिल्ह्याला फोन लावला. तिसऱ्या वेळेस लागला. पलीकडचा कारकून म्हणाला, साहेब लोक सभागृहात आहेत, निरोप देतो. मी निरोप सांगितला. तो त्यानं लिहून घेतला की नाही, मला माहीत नाही.

वऱ्हांड्यात गोदामावशी कपडे उकळत होती. तिची त्या दवाखान्यात बावीस वर्षं झालेली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लाकूड बाजूला ठेवलं.

"ठोके नाहीत, मावशी."

"मशीन तर वाजत हुतं."

"ते तिचे होते. आईचेच."

मावशी खाली बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "किती उघडलंय?"

"मघाशी आठ होतं."

"मग दोन तास. सिस्टर, आत्ता सांगू नगा. ह्या बाईमागं धरायला मानूस न्हाई, हात द्यायला कोन न्हाई. धीर सुटला की जोर सुटतो. कळा थांबल्या तर तिला कोन मोकळी करनार? डॉक्टर न्हाईत. आदी मोकळी हू दे."

"आणि विचारलं तर?"

"तर काय." मावशी उठली आणि पुन्हा लाकूड हातात घेतलं. "तुमी शिकलेल्या. मी आपलं बाईमानूस म्हनून सांगितलं."

मी औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथं खिडकी नव्हती. विचारायला कुणी नव्हतं. आई असती तर प्रार्थना कर म्हणाली असती. मी प्रार्थना करायला डोळे मिटले, पण कानात तो धुण्याचा आवाजच येत राहिला. चार-पाच मिनिटं झाली असतील. तेवढ्यात भिंतीवरची ट्यूब फडफडली. लाइट आली.

मी आत गेले तेव्हा पंखा फिरू लागला होता. बनाबाई घामानं निथळत होती. कळ येऊन गेली होती आणि त्या कळेत तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"लाइट आली," ती म्हणाली.

"हो."

"मग लावा की बाई ते."

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. तपासून पाहिलं, नऊ झालं होतं. हातमोजे काढले. हात धुतले. पुसले, पुन्हा पुसले.

"लावा की," ती म्हणाली.

मी चकती त्याच जागी टेकवली, पट्टा आवळला आणि बटण दाबलं. तो आवाज पुन्हा खोलीत आला. मी तो अगदी लहान ठेवला होता.

"वाढवा जरा."

मी वाढवला.

पुढचे दीड तास तो आवाज चालू होता. कळ आली की वाढायचा, कळ ओसरली की जरा सावकाश व्हायचा. तिचंच काळीज, दुसरं काय करणार! मी तिची कंबर चोळली, पाणी दिलं, ओला कपडा मानेवर ठेवला. तिनं एका कळेत माझा हात असा धरला की बांगडीचा वळ आठवडाभर राहिला. बोलणं मात्र थांबलं होतं. आधीची बडबड कुठं गेली कळेना. मला वाटलं, कळा जोराच्या आहेत म्हणून. तक्त्यावरचे रकाने मी भरले नाहीत. पेन हातात घेतलं, पण मला तिथं आकडा लिहिता आला नाही.

जोर करायची वेळ आली तेव्हा पट्टा सोडावा लागला. मी मशीन बंद केलं. खोलीत एकदम सगळं रिकामं झालं. गोदामावशी तिच्या डोक्याशी उभी राहिली. बनाबाईनं दात आवळून, आवाज न करता जोर केला. तीन वाजून दहा मिनिटांनी ती मोकळी झाली.

मुलगी होती. अंगाची कातडी जागोजागी सुटलेली होती. दीड-दोन दिवस होऊन गेले असावेत. नाळेला गाठ पडलेली, घट्ट, खरीखुरी गाठ. अशी हजारात एखादी असते. मावशीनं कपडा पुढं केला, मी मुलीला गुंडाळलं. त्या काळी आम्ही मेलेलं मूल आईला दाखवत नसू, परस्पर बाजूला नेत असू. मावशी वळलीही होती.

"द्या हिकडं," बनाबाई म्हणाली.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बना, बाळ रडलं नाही. बाळ..."

"द्या."

मी तिच्या हातात दिलं. तिनं कपडा थोडा बाजूला केला, नाक पाहिलं, कान पाहिले. एका कानाची पाळी दोन बोटांत धरून बसली. रडली नाही. मी तिच्या प्रश्नाची वाट पाहत होते. आता विचारेल, मग ते वाजत होतं काय? पण तिनं काहीच विचारलं नाही.

चार वाजता डॉक्टर पाटणे आले. त्यांना निरोप मिळाला होता, ते मीटिंग सोडून निघाले होते. त्यांनी बाळ पाहिलं, गाठ पाहिली, कागदाची पट्टी पाहिली. पट्टी ते पुन:पुन्हा बोटांतून सरकवत होते. त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता.

"आईची नाडी पकडली यानं," ते म्हणाले. "सिस्टर, बाळ घरीच गेलेलं होतं. तुम्ही काही वाचवू शकला नसता. मीही नाही."

"हो सर."

मग त्यांनी तक्ता हातात घेतला. "साडेबारापर्यंत नोंदी आहेत. पुढचे रकाने रिकामे का?" त्यांनी पट्टीकडे पाहिलं. पट्टीवर दीडपासून रेघ पुन्हा सुरू झालेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"लाइट नव्हती असं लिहा," ते हळूच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी तसं लिहिलं नाही. रकाने रिकामेच राहू दिले. त्यावर कुणीही कधीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून मी बनाबाईबरोबर त्याच टेंपोत बसले. कपड्यात गुंडाळलेलं बाळ तिनं मांडीवर धरलं होतं. शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्यानं बांधाकडेला खड्डा खणला. सासू दारात बसून कान देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "काय हुतं?" मी म्हटलं, "मुलगी." म्हातारीनं कुठल्याशा देवाचं नाव घेतलं. टेंपो परत जायच्या वेळेला मी निघाले.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, हे मला माहीत होतं आणि तिला सांगणारं कुणी नव्हतं.

बनाबाई घराच्या मागं, भिंतीच्या सावलीत बसली होती. चोळी भिजलेली, छाती दगडासारखी. ती भिंतीच्या कडेला दूध पिळून टाकत होती आणि मातीत ओल पसरली होती. मला पाहून तिनं पदर ओढला, मग सोडला.

"पिळू नकोस," मी म्हटलं. "पिळलंस की आणखी येतं." मी पिशवीतून रुंद पट्टी काढली. तिला हात वर करायला सांगितले आणि छाती आवळून बांधू लागले. तिच्या पाठीमागे बसून गाठ मारत असताना ती म्हणाली,

"बाई, तुमाला कवा कळलं?"

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. "काय?"

"काय ते."

"बाळ झाल्यावर," मी म्हटलं.

दूर कुठंतरी एक शेरडू ओरडत होतं. मी गाठ पक्की केली. पिन लावली.

"लाइट गेल्ती तवा तुमी म्हनला, भाईर आवाज हाय," ती म्हणाली. "भाईर काय बी आवाज नव्हता. पान हालत नव्हतं."

माझे हात तिच्या पाठीवरच राहिले.

"मला कळलं होतं तेव्हा," मी म्हटलं. "लाइट गेली तेव्हाच. मशीन परत लावलं ते मी माहीत असून लावलं. बना, तुझी फसवणूक केली मी. तुझा धीर सुटेल असं वाटलं. आणि..." पुढं आणखी एक कारण होतं. तिला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती, हे ते कारण. तेही मी सांगितलं.

ती वळून बसली. डोळे कोरडे होते, पण आत गेलेले.

"मला आदीच ठावं हुतं," ती म्हणाली. "दवाखान्यात यायच्या दोन रोज आदीपासनं. आईला कळत न्हाई व्हय? टेंपोत बसले तवाच ठावं हुतं. मग तुमी ते मशीन लावलं आन् वाजाय लागलं. म्हनलं, बाई शिकलेली हाय, मशीन सरकारचं हाय, मीच येडी. लई ग्वाड वाटलं. खरंच सांगते, तेवढं दोन तास लई ग्वाड गेलं." तिनं नाक पुसलं. "मग लाइट गेली आन् तुमचं तोंड बगितलं."

"मग लावा का म्हणालीस?"

ती मातीतल्या ओलीकडे पाहत राहिली.

"आवाज नव्हता त्या खोलीत. तुमी बी भाईर निगून गेला हुता. कळ आली, तर मी, आन् पोटात ते गप. म्हनलं, वाजू दे. कुनाचं का असंना." मग म्हणाली, "आन् तुमाला सांगता येत नव्हतं. नुसतं हात धुवून पुसत हुता. तुमाला तरी कशाला सांगाय लावायचं?"

त्या खोलीत दीड तास आम्ही दोघी तो आवाज ऐकत बसलो होतो. तिला माहीत होतं. मला माहीत होतं. मी तिच्यासाठी गप्प होते, ती माझ्यासाठी. एकमेकींचा हात धरून.

मला रडू आलं. ती रडली नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, की मला बोल लावला नाही. ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.

मी निघताना ती दारापर्यंत आली. "बाई, येक काम कराल?"

"सांग."

"मालक आले की तुमी या. त्यास्नी तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं. त्यास्नी अजून ठावं न्हाई, काय झालं, कवा झालं. निरोप धाडावा तर त्यो माळामाळानं मेंढरांमागं, कुठं धाडायचा? त्यो तिकडं कुनाकुनाला सांगत आसंल, पोरगा हुनार म्हनून."

मी येते म्हणाले.

आषाढाच्या सुरुवातीला मेंढरं परतल्याचं टेंपोवाल्याकडून कळलं. रविवारी मी गेले. घरापुढच्या कुंपणात दोनेकशे मेंढरं बसलेली होती. नवरा बांधाजवळ उभा होता. उंच, काळा, डोक्याला मळकं मुंडासं. बिरा त्याचं नाव. तिनं सांगितलं तसा आवाज मोठा असेल असं वाटलं होतं, पण तो अगदी हळू बोलला. बांधाकडेला रचलेले दगड त्यानं पाहिले होते. त्यावरून काय ते ओळखलं होतं. बनाबाईला त्यानं काही विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. चार दिवस.

त्यानं घोंगडं पसरलं. मी बसले. आत ती भाकरी थापत होती, थापांचा आवाज येत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. नाळेची गाठ, बाळ किती दिवस आधी गेलं होतं, मशीननं काय दाखवलं, मी काय तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही. लाइट आल्यावर मी काय केलं तेही. तो उकिडवा बसून, हातातली काठी मातीत फिरवत ऐकत होता. मला वाटलं, आता तो विचारेल, मशीन खोटं कसं बोललं. किंवा चिडेल. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

माझं संपल्यावर त्यानं काठी खाली ठेवली. मग त्यानं एकच विचारलं.

"तवा हिच्याजवळ कोन हुतं?"

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. त्यानंतर मी हजारो बाळंतपणं केली. मशीन लावलेलं असो वा नसो, आईच्या मनगटावर दोन बोटं ठेवल्याशिवाय कुणालाही बाळाचे ठोके ऐकवले नाहीत. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली त्यावरून मला हसायच्या. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर काय, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

त्या दिवशी मी म्हटलं, "मी होते."

आतला थापांचा आवाज थांबला. बिरानं दाराकडे पाहिलं, मीही पाहिलं. ती बाहेर आली नाही.

मग भाकरीवर पुन्हा थाप पडू लागली.